परांचीवरून पडलेला माणूस

(नभोवाणीवरील भाषण)

सुलतान बाजारात राहणाऱ्या माणसाच्या कानांना बांधकामाचा आवाज नवा नाही. एके काळी रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखली जाणारी ही पेठ १९३३ साली इंग्रजांकडून निजामाकडे परत आली आणि तिचे नाव सुलतान बाजार झाले. तेव्हापासून येथे पाडणे आणि बांधणे अखंड चालू आहे. जुन्या माडीच्या जागी सिमेंटची इमारत उभी राहते, दुकानावर दुकान चढते, आणि फेब्रुवारी २०२० पासून तर या गर्दीच्या रस्त्यावरून मेट्रोची गाडीही धावू लागली आहे. बाजारात आलेले गिऱ्हाईक दुकानातील रंग पाहते, भाव करते आणि पुढे जाते. डोक्यावर दोन मजले उंच, बांबूच्या परांचीवर एक पाय टेकून भिंतीला गिलावा करणारा माणूस त्याला दिसत नाही. तो दिसतो तेव्हा बहुधा खाली पडलेला असतो.

अशा पडलेल्या माणसाविषयी आज मला आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत. मी वकील नाही. शाळेत मुलांना भाषा आणि इतिहास शिकविणारा एक साधा शिक्षक आहे. परंतु ज्यांना लिहिता-वाचता येते त्यांच्याकडे, ज्यांना ते येत नाही अशी माणसे कागद घेऊन येतात, आणि त्या कागदांवरूनच हा विषय मला शिकावा लागला. तो मी फार उशिरा शिकलो, हेही आरंभीच कबूल केले पाहिजे.

सुमारे दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील सेंट्रिंगच्या कामावर होते. स्लॅबच्या फळ्या काढताना एक तुळई त्यांच्या उजव्या हातावर पडली व हाताची तीन बोटे गेली. मूळचे नांदेडकडचे कुटुंब. शहरात आपले म्हणावे असे कोणी नाही. ठेकेदाराने दवाखान्याचा खर्च केला, वर वीस हजार रुपये देऊ केले आणि एका कागदावर अंगठा मागितला. मुलाची आई तो कागद घेऊन माझ्याकडे आली. "सर, घ्यावे का?" एवढेच तिने विचारले. मी कागद वाचला. 'यापुढे माझी कोणतीही मागणी राहिलेली नाही,' असे त्यात लिहिलेले होते. मी विचार केला की गरीब माणसाने मोठ्या माणसाशी कोठे भांडावे? जे हातात येते ते सोडू नये. मी तिला म्हणालो, "घ्या बाई. मिळते आहे ते घ्या."

श्रोतेहो, माझा हा सल्ला चुकीचा होता. त्या अंगठ्याने त्या माणसाचा हक्क कायद्याने नाहीसा होत नव्हता. परंतु तो नाहीसा झाला असे मी त्यांना सांगितले आणि त्यांनी शिक्षकाच्या शब्दावर विश्वास ठेवला. खरे काय ते मला कळले तोवर दोन-अडीच वर्षे लोटली होती. ठेकेदाराने धंदा बदलला होता, मुकादम कर्नाटकात निघून गेला होता, आणि अपघात पाहणारे सोबती कोठे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. उशिराने आलेला अर्जही योग्य कारण असेल तर स्वीकारण्याची सोय कायद्यात आहे. पण अर्ज स्वीकारला जाणे आणि तो सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरावा हा भाजीसारखा असतो. तो ताजा असतानाच कामास येतो. ती चूक आपल्यापैकी दुसऱ्या कोणी करू नये, एवढ्यासाठी आजचे हे भाषण.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. काम करताना मजूर जखमी झाला तर त्याचे नुकसान कोणी सोसावे? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर असे होते की ज्याची चूक त्याने सोसावे. १८५५ च्या प्राणांतिक अपघातविषयक कायद्याने मृताच्या वारसांना न्यायालयात जाण्याचा मार्ग दिला होता. परंतु मालकाचा दोष वारसांनीच सिद्ध करावा लागे. ज्या विधवेला न्यायालयाचे दार कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक नाही, तिने मालकाची हयगय सिद्ध करावी, अशी ती अपेक्षा होती. कागदावर मार्ग होता. चालण्यासारखा तो नव्हता.

या विचारावर पहिला मोठा आघात जर्मनीत झाला. १८८४ साली तेथे अपघात विम्याचा कायदा झाला आणि दोष कोणाचा हा प्रश्न बाजूला सारून भरपाईचा भार उद्योगावर टाकण्यात आला. मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की त्याच १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या आपणांस ठाऊक असतात. परंतु त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर गंभीर इजा झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी. रविवारची सुटी १८९० साली पदरात पडली. इजेच्या भरपाईला मात्र आणखी तेहतीस वर्षे वाट पाहावी लागली.

इंग्लंडने असा कायदा १८९७ साली केला. हिंदुस्थानात तो १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. ज्या मध्यवर्ती कायदेमंडळाने तो संमत केला, त्यात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी बसत होते. पुढे २००९ च्या दुरुस्तीने 'कामगार' या शब्दाच्या जागी 'कर्मचारी' हा शब्द आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा स्वतंत्र राहिलेला नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत त्याचा समावेश झाला आहे. जुने नाव गेले तरी मूळ तत्त्व तेच आहे. त्या दिवसापूर्वी घडलेल्या अपघाताला मात्र जुनाच कायदा लागू होतो. कारण भरपाईची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच जन्माला येते.

ते तत्त्व एका वाक्यात सांगतो. नोकरीमुळे आणि नोकरी चालू असताना अपघात झाला, तर मालकाने भरपाई द्यावयाची. मालकाची चूक होती की नव्हती हा प्रश्नच नाही. मजुराचे थोडेसे दुर्लक्ष झाले, पाय घसरला, अंदाज चुकला, तरीही भरपाई बुडत नाही. 'अरे, तूच बघून चालायला हवे होते,' हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक बांधकामावर ऐकू येते. माणुसकीच्या दृष्टीने ते कठोर आहे आणि कायद्याच्या दृष्टीने निरर्थक आहे.

अपवाद थोडे आहेत, ते नीट समजून घेतले पाहिजेत. मजूर दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असल्यामुळे अपघात झाला. सुरक्षिततेसाठी घालून दिलेला स्पष्ट नियम त्याने जाणूनबुजून मोडला. किंवा सुरक्षेचे साधन त्याने हेतुपुरस्सर काढून टाकले, तर मालक जबाबदार राहत नाही. परंतु येथेही कायद्याने एक मर्यादा घातली आहे. मजुराचा मृत्यू झाला अथवा तो कायमचा आणि पूर्णपणे अपंग झाला, तर हे अपवादही मालकाला वाचवू शकत नाहीत. शिवाय ज्या कामावर शिरस्त्राणे आणि सुरक्षापट्टे कधी आणलेच गेले नाहीत, तेथे 'याने पट्टा बांधला नाही' असे म्हणण्यास मालकाला तोंड कोठे उरते? नियम मोडला असे म्हणण्यापूर्वी नियम घालून दिला होता हे दाखवावे लागते.

बांधकामावरचा दुसरा नेहमीचा प्रश्न म्हणजे मालक कोणाला म्हणावयाचे? गवंड्याला मेस्त्री आणतो, मेस्त्रीला उपठेकेदार आणतो, उपठेकेदाराला मोठा ठेकेदार काम देतो, आणि सर्वांच्या वर इमारत बांधून विकणारा असतो. अपघात झाला की ही साखळी सुटते आणि प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवू लागतो. कायद्याने ही पळवाट पूर्वीच बुजविली आहे. बांधकाम हाच ज्याचा व्यवसाय आहे त्याने ते काम दुसऱ्याकडून करवून घेतले, तरी त्या कामावरील मजुराच्या भरपाईला तो स्वतः जबाबदार राहतो. पैसे दिल्यानंतर ते ठेकेदाराकडून वसूल करणे हा त्या दोघांमधील व्यवहार; मजुराने त्यात पडण्याचे कारण नाही. म्हणून अर्जात मेस्त्री, ठेकेदार आणि मुख्य बांधकामदार अशा तिघांचीही नावे घालावीत.

'मी तर रोजंदारीचा, अड्ड्यावरून उचललेला माणूस. माझे नाव कोणत्या वहीत असणार?' असे पुष्कळ जण विचारतात. पूर्वी नैमित्तिक कामगारांपैकी काहींना या कायद्याबाहेर ठेवलेले होते. २००० सालच्या दुरुस्तीने तो अपवाद काढून टाकला. एक दिवसाच्या कामावर आलेला मजूर पहिल्याच तासाला पडला, तरी त्याचा हक्क वीस वर्षांच्या नोकराइतकाच आहे.

आता रकमेचा हिशेब पाहू. तो ऐकताना कंटाळा येईल. पण ज्याला हिशेब येत नाही त्याला वीस हजार मोठे वाटतात, हे मी आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात प्रत्येक वयासाठी एक गुणक दिलेला आहे. वय जितके लहान तितका गुणक मोठा, कारण तरुण माणसाची कमाईची वर्षे अधिक गेलेली असतात. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे, चाळीस वर्षांच्या माणसाचा १८४.१७. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला या गुणकाने गुणावयाचे. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास वेतनाच्या शेकडा साठ रकमेला गुणावयाचे. हिशेबासाठी धरावयाच्या वेतनाला कमाल मर्यादा असते आणि ती केंद्र सरकार अधिसूचनेने ठरविते; जानेवारी २०२० मध्ये ती महिना आठ हजारांवरून पंधरा हजार रुपये झाली.

या पंधरा हजारांवर हिशेब करून पाहा. तीस वर्षांचा गवंडी पडून दगावला, तर साडेसात हजार गुणिले २०७.९८ म्हणजे १५,५९,८५० रुपये होतात. तोच जिवंत राहिला पण कायमचा अंथरुणास खिळला, तर नऊ हजार गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये. अंशतः अपंगत्वासाठी परिशिष्टात अवयवागणिक टक्के दिले आहेत. अंगठा गेला तर शेकडा तीस. एका हाताची तीन बोटे गेली तर शेकडा तीस. दुसरा डोळा शाबूत असून एक डोळा गेला तर शेकडा चाळीस. चाळीस वर्षांच्या माणसाचा अंगठा गेला, तर पूर्ण अपंगत्वाची जी रक्कम, १६,५७,५३० रुपये, तिच्या शेकडा तीस म्हणजे ४,९७,२५९ रुपये होतात. माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांच्या अपघाताच्या वेळी वेतनाची मर्यादा आठ हजार होती. तरीही त्यांची रक्कम वीस हजारांच्या कितीतरी पट झाली असती. ते गणित मी पुढे करून पाहिले आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

जी इजा परिशिष्टात नाही तिचे काय? बांधकामावर उंचावरून पडणाऱ्या माणसाची टाच मोडते, पाठीचा मणका दबतो. अवयव तुटत नाही, माणूस चालतो, म्हणून लोक म्हणतात की बरा झाला. परंतु टाच मोडलेल्या गवंड्याला पुन्हा परांचीवर चढता येत नाही. अशा वेळी कमाईची शक्ती किती टक्के घटली, हे डॉक्टर तपासून ठरवितात. येथे 'कमाईची शक्ती' हे शब्द महत्त्वाचे आहेत. केवळ शरीर किती मोडले हे पाहावयाचे नसून, त्या शरीराने पोट भरण्याची शक्ती किती मोडली हे पाहावयाचे आहे.

याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९७५ चा एक निकाल सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे. १९६८ साली ओरिसातील एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचे म्हणणे असे की एकच हात गेला आहे, हे अंशतः अपंगत्व होय. अधिकाऱ्याने ते मानले नाही. सुताराचे काम एका हाताने होत नाही. म्हणून त्याच्या धंद्यापुरता तो पूर्ण अपंगच झाला, असा निर्णय त्याने दिला. मालक थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तेथे हरला. भांडणाची मूळ रक्कम होती ९,८०० रुपये. त्या सुताराच्या एका हाताने पुढच्या हजारो कारागिरांचे दावे पेलून धरले आहेत.

तात्पुरत्या इजेसाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाचा चौथा हिस्सा द्यावयाचा असतो, म्हणजे महिन्याला निम्मे वेतन, आणि ते जास्तीत जास्त पाच वर्षे. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाकडेच असतो. यावरून ध्यानात येईल की दवाखान्याचे बिल भरणे हे ठेकेदाराचे औदार्य नव्हे. ते त्याचे कर्तव्य आहे आणि भरपाईच्या रकमेतून ते वजा होत नाही.

आता अपघातानंतर काय करावे, ते क्रमाने सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे जखमीला रुग्णालयात नेताना तो कोठून आणि कशामुळे पडला हे खरे सांगावे आणि तसेच लिहून घेण्यास सांगावे. 'घरी जिन्यावरून पडला' असे सांगण्याचा आग्रह पुष्कळदा मुकादम धरतो. पोलिसांची कटकट नको, असे कारण तो देतो. तो एक शब्द पुढे दोन वर्षे गळ्यात दगडासारखा लटकतो. दुसरी गोष्ट, पोलिसांत खबर द्यावी आणि मालकाला शक्य तितक्या लवकर लेखी कळवावे. तिसरी गोष्ट, पुरावा त्याच दिवशी गोळा करावा: जागेचे छायाचित्र, बांधकामावरील पाटी, हजेरीची नोंद, फोनवरून मजुरी जमा झाली असेल तर तिची नोंद, आणि सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांची गावाकडील पत्त्यासह नावे. गावाकडील पत्ता मी मुद्दाम म्हणतो. शहरातील पत्ता काम संपले की बदलतो.

चौथी गोष्ट म्हणजे अर्ज. तो दोन वर्षांच्या आत केला पाहिजे. श्रमखात्याचे अधिकारी या प्रकरणांचा निर्णय करतात. सुलतान बाजारच्या स्थानकावरून मेट्रोने निघाले तर नारायणगुडा आणि चिक्कडपल्लीनंतरचे तिसरे स्थानक आर. टी. सी. क्रॉस रोड्सचे, तेथून जवळच टी. अंजय्या यांच्या नावाचे कार्मिक भवन आहे. स्वतः कामगार चळवळीतून वर आलेल्या आणि पुढे मुख्यमंत्री झालेल्या माणसाचे नाव त्या इमारतीला आहे, ही गोष्ट योग्यच वाटते. अर्ज हैदराबादेतच केला पाहिजे असेही नाही. अपघात जेथे झाला तेथे, अथवा मजूर किंवा त्याचे वारस जेथे राहतात तेथे तो करता येतो. पालमूरच्या, श्रीकाकुळमच्या किंवा नांदेड-लातूरच्या विधवेने तारखेमागून तारखेला येथवर यावे, अशी सक्ती नाही. वकील ठेवणे परवडत नसेल, तर १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील माणसे, औद्योगिक कामगार आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. नोंदलेल्या कामगार संघटनेचा पदाधिकारीही बाजू मांडू शकतो.

मृत्यूच्या प्रकरणात एक गोष्ट विशेष सांभाळावी. भरपाई मालकाने वारसांच्या हातात द्यावयाची नसते. ती अधिकाऱ्याकडे जमा करावयाची असते आणि तेथून वारसांत वाटली जाते. तीन महिन्यांच्या वेतनापर्यंतची उचल तेवढी परस्पर देता येते. हा नियम विधवेच्या आणि लहान मुलांच्या रक्षणासाठी आहे. घरी येऊन, दिवसकार्याच्या गडबडीत, दीर-जावयांच्या साक्षीने दिलेली रक्कम कायदा भरपाई मानीत नाही. त्याचप्रमाणे, हक्क सोडून दिल्याचा करार कोणी कितीही अंगठे घेऊन केला तरी तो रद्दबातल असतो. तडजोड करावयाचीच असेल तर तिची अधिकाऱ्याकडे नोंद झाली पाहिजे, आणि रक्कम अपुरी दिसली तर तो नोंद नाकारू शकतो. हे मला दहा वर्षांपूर्वी ठाऊक असते तर!

मालक विलंब लावील त्यालाही दंड आहे. देणे झाल्यापासून महिन्याभरात रक्कम भरली नाही, तर शेकडा बारा दराने व्याज चढते. विलंबाला योग्य कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होतो. वरच्या न्यायालयात अपील करावयाचे असल्यास मालकाने आधी रक्कम भरावी लागते.

याखेरीज इतर मार्गही आहेत. ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून थोडक्यात सांगतो. जो मजूर राज्य विमा योजनेत नोंदला आहे, त्याला अपघाताचा लाभ त्या योजनेतून मिळतो. मग तीच भरपाई मालकाकडे मागता येत नाही. या योजनेचा आराखडा १९४४ साली बी. पी. आडारकर या मराठी अर्थशास्त्रज्ञाने सादर केला आणि १९४८ साली तिचा कायदा झाला. बांधकामाच्या आवारात मालमोटारीने धडक दिली, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा मार्ग आहे. मालकाची उघड हयगय असेल तर दिवाणी दाव्याचाही आहे. मात्र या वाटांपैकी एकच निवडावी लागते. एकाच इजेसाठी दोन ठिकाणी भरपाई मागता येत नाही. म्हणून पहिले पाऊल टाकण्यापूर्वी जाणत्याचा सल्ला घ्यावा.

बांधकाम कामगार कल्याण मंडळाची मदत यांहून निराळी आहे. १९९६ च्या कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविला. तो खर्चाच्या शेकडा एक या दराने गोळा होतो आणि त्यातून नोंदलेल्या मजुरांना अपघात, आजार, बाळंतपण, मुलांचे शिक्षण यांसाठी साहाय्य दिले जाते. नव्या संहितेतही ही व्यवस्था चालू आहे. मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर काम केलेला, अठरा ते साठ वयाचा मजूर नोंदणीस पात्र असतो. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निधीबद्दल सरकारांना कठोर शब्द सुनावले, कारण हजारो कोटी रुपये गोळा होऊनही ते मजुरांपर्यंत पोहोचत नव्हते. पैसा आहे, माणूसही आहे. दोघांची गाठ घालून देणारा एक कागद तेवढा नसतो. मंडळाची मदत मिळाली म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

तीच गोष्ट सरकारी अनुग्रहाची. ८ डिसेंबर २०१६ च्या रात्री आपल्याच शहरात नानकरामगुडा येथे बांधकाम चालू असलेली सात मजली इमारत कोसळली आणि अकरा जण गेले. पोटासाठी परमुलखातून आलेली ती माणसे होती. अशा मोठ्या दुर्घटनेनंतर मंत्री येतात, मदत जाहीर होते, वृत्तपत्रे लिहितात. ते सारे योग्यच आहे. परंतु रोज एक-एक करून जे पडतात, त्यांच्यासाठी कोणी येत नाही. अनुग्रह हा देणाऱ्याच्या मनावर असतो. भरपाई हा घेणाऱ्याचा हक्क असतो, आणि तो मोठ्या दुर्घटनेतील अकराव्या माणसाला जितका आहे तितकाच गल्लीतील एकट्या पडलेल्यालाही आहे.

शेवटी आणखी एक हकीकत सांगतो आणि आपली रजा घेतो. २०२२ साली माझ्या शाळेतील एका मुलीचे वडील गिलाव्याचे काम करताना परांचीवरून पडले. दोन्ही टाचा मोडल्या. या वेळीही मुलीची आई कागद घेऊन आली. कागदावरची रक्कम तीस हजार होती. ती म्हणाली, "सर, ह्यांना आता वर चढता यीना. पण ठेकेदार माणूस चांगला आहे." मी म्हणालो, "ताई, माणूस चांगला असेल तर तो कायद्याप्रमाणे देईल. या कागदावर अंगठा देऊ नका." मग आम्ही अर्ज लिहिला. सोबत्यांपैकी दोघे साक्षीला आले. एक तर बिदरहून रात्रीच्या गाडीने आला आणि परतीचे भाडेही त्याने घेतले नाही. डॉक्टरांनी टक्केवारी लिहून दिली. तारखा पडल्या, पुढे गेल्या, पुन्हा पडल्या. दीड वर्षाने ठेकेदाराने व्याजासह रक्कम भरली. तिच्यातून त्यांनी आपल्या गल्लीच्या तोंडाशी किराणा मालाचे लहानसे दुकान घातले आहे. तेथे बसून काम करता येते. वर चढावे लागत नाही.

पहिल्या कुटुंबातला तो मुलगा दहावीनंतर शाळेत आला नाही. आता तो स्वतः सेंट्रिंगच्या कामावर जातो. मध्यंतरी बाजारात भेटला तेव्हा त्याने वाकून नमस्कार केला आणि माझी खुशाली विचारली. त्याच्या मनात माझ्याविषयी राग नाही, कारण मी काय केले हे त्याला ठाऊकच नाही. मी त्याला बाजूला नेऊन कल्याण मंडळाच्या नोंदणीचे सांगितले आणि अर्ज मीच भरून देईन असे म्हणालो. तो आला, अर्ज भरला. ज्याचे गेले ते त्यामुळे परत येत नाही.

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी गवंडी आलेला असतो, शेजारी इमारत उठत असते, शाळेत मजुराचे मूल शिकत असते. त्यांच्यापैकी कोणी कागद घेऊन दारात आला, तर तो नीट वाचा, तारीख पाहा, आणि 'मिळते ते घ्या' हे शब्द तोंडातून काढण्यापूर्वी क्षणभर थांबा. एवढीच माझी आपणांस विनंती आहे.